बोटाखालचं वचन

"तुझ्या नवऱ्याला सांग गोजरे, देव काय एस्टीडीच्या बूथवर बसलेला न्हाई, नंबर फिरवला की लगेच हॅलो म्हणायला."

गोजराने मिक्सर बंद केला. खोबरं अर्धवटच वाटलं गेलं होतं. "मला काही म्हणालात, आत्याबाई?"

"तुला न्हाई, तुझ्या नवऱ्याला. तो घरात सापडंल तवा ना. म्हणून तुला."

तिच्या सासूबाई, चांगुणाबाई, स्वयंपाकघराच्या दारात पाय पसरून लसूण सोलत बसल्या होत्या. शनिवारची दुपार कलली होती. उद्या रविवारची उपासना सुटली की पाळकसाहेब दिनानाथ थोरात, त्यांची बायको आणि मुलगा प्रसाद असे तिघं कोपरखैरण्याच्या या सिडकोच्या घरात जेवायला येणार होते. जेवणं उरकली की अर्पिताची मागणी पक्की व्हायची होती. अर्पिता म्हणजे विलास आणि गोजराची एकुलती एक. बारावी झालेली, अंगाने किडमिडीत, पण आवाज असा की चर्चमध्ये शास्त्रपाठ वाचायला उभी राहिली की मागच्या बाकावरची पोरंसुद्धा गप्प बसत.

या सोयरिकीला चांगुणाबाईंची हरकत नव्हती. हरकत कसली, त्यांनी पत्र्याच्या पेटीतून आपली मोरपंखी नऊवारी काढून उन्हात टाकली होती. त्यांचे मालक बाजीराव आल्हाट हे नगरकडच्या मिशन कंपाउंडात माळी होते. उभा जन्म त्यांनी पाळकांच्या बंगल्यातली झाडं शिंपली, आणि बंगल्याच्या पायरीखाली उभं राहून सलाम केला. त्या बाजीरावांची नात आता पाळकाच्या घरची सून होणार. हे चांगुणाबाईंनी महिला मंडळात नेमकं कुणाकुणाच्या कानावर घालायचं ते घालून झालं होतं. वरून "देवाची इच्छा असली तर हां, अजून काय पक्कं न्हाई," असंही म्हणून घेतलं होतं.

राग होता तो दुसऱ्याच गोष्टीचा. विलास या निर्णयाला पोचला कसा, त्याचा.

वर्षभरापूर्वी तुर्भ्याच्या कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत प्रार्थनेला बसणाऱ्या चारपाच जणांत विलास जाऊ लागला. चांगलंच होतं. पण तिथून तो एक खोड घेऊन आला. काही ठरवायचं असलं की डोळे मिटायचे, पवित्र शास्त्र हातात धरायचं, मनात प्रश्न म्हणायचा, पुस्तक फटकन उघडायचं आणि बोट ठेवायचं. बोटाखाली येईल ते देवाचं उत्तर. स्कूटर घ्यायची का, म्हणून बोट ठेवलं तर शलमोन राजाच्या घोड्यांवर पडलं. स्कूटर दारात आली. पुढे गोजराच्या धाकट्या भावाच्या लग्नाला जायचं का, म्हणून ठेवलं, तर ते महारोग्याला वस्तीबाहेर ठेवण्याच्या नियमांवर पडलं. विलासने घरातल्या कुणाला हलू दिलं नाही. गोजराचा भाऊ तेव्हापासून बहिणीशी बोलायचा बंद झाला होता.

आणि पंधरा दिवसांपूर्वीच्या शुक्रवारी उपास धरून त्याने पोरीच्या लग्नासाठी बोट ठेवलं होतं.

"आन् रोजच्या वाचनाला मात्र हा कधी नसतो," चांगुणाबाई पाकळी ताटलीत टाकत म्हणाल्या. "सात वाजले की याला ओव्हरटाइम. न्हाईतर अंघोळ. न्हाईतर डोकं दुखतंय."

"नावं चालू आहेत ना सध्या, आत्याबाई. शास्त्रातल्या इतिहासाच्या पुस्तकातली. अमक्याचा मुलगा तमका. कंटाळतात ते."

"मला काय लई गोड लागतात का ती नावं? मालक म्हणायचे, ताटात पडंल ते खायचं."

बाजीरावांनी घालून दिलेली रीत अशी होती. संध्याकाळी सात वाजता, जेवणाआधी, घरात असतील तेवढ्यांनी गोल बसायचं. रोज एक अध्याय. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत क्रमाने, एकही न गाळता, आणि संपलं की दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिलं पान. एकेकाने एकेक वचन वाचायचं, फेरीने. यातून सुटका कुणाचीच नव्हती. चांगुणाबाई लग्न होऊन आल्या तेव्हा त्यांना अक्षर म्हणजे मुंग्यांची रांग होती. त्यांची पाळी आली की बाजीराव वचन बोलून दाखवायचे आणि त्या मागून म्हणायच्या. असं करता करता एकेक अक्षर ओळखीचं झालं. शाळेचं तोंड त्यांनी पाहिलं ते दोन पावसाळे, तेही भावाला सोडायला. आता चष्मा लावून, अक्षराखाली बोट सरकवत, एक वचन वाचायला त्यांना इतरांच्या चौपट वेळ लागे. पण तेवढा वेळ घरातल्या कुणी तोंडातून ब्र काढलेला त्यांना चालत नसे.

सहाच्या सुमाराला थोरला मधुकर आणि त्याची बायको स्मिता नेरूळहून आले. मधुकरच्या हातात आंब्याची पेटी, स्मिताच्या हातात उद्यासाठी मोठी पातेली. स्मिता शाळेत शिकवायची. तिने पातेली ओट्यावर ठेवली आणि घाम पुसायच्या आधी विचारलं, "अर्पिता कुठंय?"

"गच्चीवर. कपडे काढायला गेलीय," गोजरा म्हणाली.

"तिचा मिरजेचा कॉल आलाय म्हणे. नर्सिंगचा."

गोजराने सासूकडे पाहिलं. चांगुणाबाईंनी लसणाकडे पाहिलं.

"आलाय," त्या म्हणाल्या. "येईना का. लोकाच्या लेकराचं गू-मूत काढायला तीन वर्सं जायचं, आन् मग लग्नाला उभं राहायचं? तवर थोरातांचं पोरगं काय हिच्या वाटेवर बसून राहील?"

"आई, मिशनचा दवाखाना आहे. सेवाच आहे ना ती?"

"पाळकाच्या घरची सून होनं ही बी सेवाच हाये."

मधुकर खुर्चीवर बसून आंबे हुंगत होता. कोणत्याही भांडणात त्याला मधली जागा सापडे आणि तो तिथं पसरून बसे. "दोघींचं बरोबर आहे," तो म्हणाला.

"तू गप," बायको आणि आई एकदमच म्हणाल्या.

तेवढ्यात विलासची स्कूटर वाजली. आत आल्या आल्या त्याने थोरल्या भावाच्या हातातला आंबा घेतला, वहिनीला हसून मान हलवली आणि आईला म्हणाला, "काय आई, तयारी जोरात? टेन्शन नको घेऊ हां. वरून सगळं क्लिअर झालंय."

"वरून म्हंजे? सिडकोकडून?"

"आई!"

"न्हाई, विचारलं आपलं. काय क्लिअर झालं, ते सांग की सगळ्यांना. थोरला आलाय, त्याला बी कळू दे."

विलास आंबा खाली ठेवून ताठ बसला. हे सांगायला त्याला आवडत होतं, ते दिसतच होतं. "मधूदादा, मी सलग तीन शुक्रवार उपास केला. पहाटे उठलो. म्हटलं, प्रभू, तूच दाखव. पुस्तक उघडलं, बोट ठेवलं. उत्पत्ती चोविसावा अध्याय! अब्राहामाचा सेवक मुलगी मागायला गेलाय, आणि घरचे म्हणतायत, ही बघ रिबका, घेऊन जा हिला. घेऊन जा! एवढं पुस्तक जाडजूड, त्यात सगळं सोडून नेमकं मुलगी द्यायचं वचन. आता यापेक्षा अजून काय पाहिजे?"

मधुकर खरोखरच चकित झाला. "हे मात्र विशेष आहे."

"भावोजी," स्मिता म्हणाली, "उद्या पेपर उघडून बोट ठेवलंत, तर तिथंही वधू पाहिजेची जाहिरात निघू शकते."

"वहिनी, पेपर आणि शास्त्र एक नाही."

"तेच म्हणतेय. मग दोन्ही एकाच पद्धतीनं का वाचता?"

चांगुणाबाईंच्या ओठावर हेच आलं होतं. ते स्मिताच्या तोंडून निघालं याचं त्यांना फार वाईट वाटलं. स्मिताच्या बाजूला जाऊन बसायची त्यांना सवय नव्हती, आणि लग्न मोडायला निघालेल्या बाजूला तर मुळीच नाही. त्यांनी दोघांच्या मधून वाट काढली.

"वचन चांगलंच हाये," त्या म्हणाल्या. "रिबकेचा अध्याय मला ठावा हाये. सोन्याची नथ, बांगड्या, दहा उंट. लगीन देवानंच जुळवलं. पर विलास, तू त्यातली एक ओळ उचललीस. बाकीचा अध्याय काय जागा भरायला लिहिलाय व्हय?"

"आई, अर्थ तोच निघतो."

"निघू दे की. मग वाचायला कशाला भ्यायचं? आज रोजचं झालं की हा अध्याय वाचायचा. अख्खा. फेरीनं. तू बी बसायचं."

"आज? उद्याचं सगळं पडलंय..."

"अरे, तुझंच वचन खरं करून दिऊ राहिले मी. लगीन लावायचं तर देवाचं नाव घेऊन लावायचं, खिशातून चिठ्ठी काढल्यासारखं न्हाई."

गच्चीवरून अर्पिता कपड्यांचं गाठोडं घेऊन खाली आली. जिन्यात तिने शेवटचं वाक्य ऐकलं असावं. तिने कपडे पलंगावर ठेवले, हात धुतले आणि टीव्हीवरच्या क्रोशाच्या रुमालाखालून शास्त्राची जाड प्रत काढून आणली. आजीचा चष्मा आणला. सतरंजी टाकली. रोजच्यासारखंच सगळं. फक्त आज ती आजीशी एक शब्दही बोलली नाही, आणि चांगुणाबाईंना ते चष्म्याच्या काडीसारखं कानामागे टोचत राहिलं.

आठवड्यापूर्वी पोरीने विचारलं होतं, "आजी, मी रोज वाचते, रोज मागते, मला अजून काही कळलेलं नाही. पप्पांना एका पहाटेत कसं कळलं?" चांगुणाबाईंनी तेव्हा, "मोठ्या माणसांना कळतं," असं म्हणून कूस बदलली होती.

सात वाजले. गोजरा, विलास, चांगुणाबाई, अर्पिता, मधुकर, स्मिता असे गोल बसले. शेजारच्या घरातून मालिकेचं गाणं येत होतं, मधुकरने उठून खिडकी लावली. रोजचा अध्याय नावांचाच होता. विलासच्या वाट्याला जी नावं आली त्यांत त्याची जीभ तीनदा अडखळली. अर्पिता मात्र ती नावं शेजारपाजारच्या माणसांसारखी म्हणत गेली. मग पानं मागे चाळून चोविसावा अध्याय काढला, आणि गोजराने सुरुवात केली.

लांबलचक अध्याय. म्हातारा अब्राहाम सेवकाला शपथ घालतो. सेवक उंट घेऊन निघतो. गावाबाहेरच्या विहिरीपाशी थांबतो, प्रार्थना करतो. रिबका घागर घेऊन येते, त्याला पाणी पाजते, उंटांनाही पाजते. फेरी फिरत होती. चांगुणाबाईंची पाळी आली की बोट अक्षरांखाली सरके, आणि सगळे खाली मान घालून वाट पाहत. कुकरच्या शिट्ट्या झाल्या, गोजराने उठून गॅस बंद केला आणि परत येऊन बसली.

विलासची पाळी आली तेव्हा नेमकं ते वाक्य आलं, ही गोष्ट परमेश्वराकडून आहे, आम्ही बरंवाईट काय बोलणार. त्याने ते उपदेशाला उभं राहिल्यासारखं वाचलं. आणि पुढचंच वचन, त्याच्या बोटाखालचं, चांगुणाबाईंच्या वाट्याला आलं.

"ही... रिब...का... तुझ्या... समोर आहे... हिला... घेऊन जा."

पुढचं वाचून त्यांनी मान वर केली. विलासचे डोळे चमकत होते. "बघ, आई. तुझ्याच तोंडून."

खरं सांगायचं तर चांगुणाबाईंनाही बरं वाटलं. मोरपंखी नऊवारी डोळ्यांसमोर आली. त्यांनी विलासला दटावलं, पण आवाजात धार नव्हती. "वाच पुढं. थांबायचं न्हाई म्हटलंय ना."

दागिने दिले गेले. रात्री जेवणं झाली. सकाळी सेवक उठला आणि म्हणाला, आता मला धन्याकडे जाऊ द्या. फेरी पुन्हा गोजरापाशी आली.

गोजरा कधी फार बोलायची नाही, वाचायचीही हळू आवाजात. मुलीचा भाऊ आणि आई म्हणाले, मुलीला आमच्याजवळ काही दिवस तरी राहू द्या. निदान दहा दिवस. मग जाईल ती.

तिने पदराने नाक पुसलं आणि पुस्तक नवऱ्याकडे सरकवलं.

"सर्दी झालीय का?" विलासने विचारलं.

"हो," गोजरा म्हणाली.

विलासच्या वाट्याला सेवकाचं उत्तर होतं. मला अडवू नका, माझा प्रवास देवाने सफळ केलाय, मला जाऊ द्या. ते त्याने घाईत वाचलं. मग पुस्तक चांगुणाबाईंच्या मांडीवर आलं.

त्यांनी चष्मा वर सारला. बोट ठेवलं.

"ते... म्हणा...ले... आपण... मु...ली...ला..."

चांगुणाबाईंचं वाचन म्हणजे एकेक अक्षर विहिरीतून शेंदून काढणं. अक्षर जुळवताना अर्थ हाती लागत नसे. तो वाक्य संपल्यावर, श्वास घेऊन झाल्यावर यायचा.

"...बोला...वून... तिला...च... विचारू."

वाक्य संपलं. त्यांनी श्वास घेतला. अर्थ आला.

त्यांनी चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा लावला आणि तेच वचन पुन्हा वाचलं. या वेळी सरळ, न अडखळता. इतक्या वर्षांत हा अध्याय कितीदा ऐकला, पण दरवेळी नथ आणि उंटच लक्षात राहिले होते. ही ओळ कुणाच्या ना कुणाच्या वाट्याला येऊन गेली असणार. आज ती त्यांच्या बोटाखाली आली होती.

"आजी, माझी पाळी," अर्पिता हळूच म्हणाली आणि तिने पुस्तक घेतलं. चर्चमध्ये खणखणीत वाचणारी ती आज पुटपुटल्यासारखं वाचू लागली. त्यांनी रिबकेला बोलावलं आणि विचारलं, तू या माणसाबरोबर जातेस का? ती म्हणाली, जाते.

"बघा!" विलासने मांडीवर थाप मारली. "ती म्हणाली, जाते! अजून काय पाहिजे?"

"ती म्हणाली," स्मिता म्हणाली. "रिबका."

"तेच ना!"

"भावोजी, रिबकेला विचारलं म्हणून ती म्हणाली. अर्पिताला कुणी विचारलंय?"

विलासकडे उत्तर होतं, आणि ते अगदीच वायफळ नव्हतं. "वहिनी, नीट वाचा. लग्न आधीच ठरलंय तिथं, बापाने आणि भावाने. पोरीला लग्नाचं विचारतच नाहीत ते. आत्ता निघायचं का नंतर, एवढंच विचारतायत."

"बरोबर आहे त्याचं," मधुकर म्हणाला. मग बायकोकडे बघून म्हणाला, "म्हणजे, तसं लिहिलंय खरं."

सगळ्यांनी चांगुणाबाईंकडे पाहिलं. त्या सतरंजीची एक सुटलेली दशी बोटाला गुंडाळत होत्या. डोक्यात महिला मंडळातल्या बायका ओळीने उभ्या होत्या. चर्चच्या फाटकापाशी पाळकसाहेब दिनानाथांनी हात जोडून म्हटलेलं वाक्य होतं, "तुमची नात म्हणजे आमच्या मंडळीला आशीर्वाद, आजी." त्या "आजी"ने त्यांच्या अंगावर मूठभर मांस चढलं होतं. आता काही न बोलता पुढचं वचन वाचायला सांगितलं असतं, तर मधुकरने वाचलं असतं, अध्याय संपला असता, जेवणं झाली असती, उद्या पाहुणे आले असते. कुणी त्यांना जाब विचारला नसता. या घरात त्यांना जाब विचारायची कुणाची छाती नव्हती.

पण एकही ओळ गाळायची नाही, हे त्यांनीच म्हटलं होतं. आणि नेमकी तीच ओळ गिळून पुढे जायचं म्हणजे त्यांचंही बोट विलासच्या बोटासारखंच झालं असतं.

"बरं," त्या म्हणाल्या. "विलास म्हणतो तेच धरू. लग्नाचं विचारायचं न्हाई. कधी जायचं, एवढंच विचारायचं. एवढं तर लिहिलंय ना?"

"आई, पण..."

"लिहिलंय का न्हाई?"

"लिहिलंय."

चांगुणाबाई नातीकडे वळल्या. हा प्रश्न त्यांनी आयुष्यात कुणाला विचारला नव्हता, आणि त्यांनाही कुणी विचारला नव्हता. तो तोंडातून काढताना त्यांची जीभ इतिहासातल्या नावांवर अडते तशी अडली.

"अर्पिता. जातीस का, बाय? आत्ता?"

अर्पिताने वडिलांकडे पाहिलं, मग आईकडे. गोजराने मान हलवली नाही, पण तिचा हात सतरंजीवरून सरकत लेकीच्या गुडघ्यापाशी येऊन थांबला.

"प्रसाद वाईट नाहीत," अर्पिता म्हणाली. "एकदाच बोललोय आम्ही. मला नाही म्हणायचं नाहीये, आजी. पण हो म्हणायला पण काही आलेलं नाही आतून. मिरजेचं मात्र आलंय. पत्र यायच्या आधीपासून. रोज वाचताना कुणी आजारी माणूस आला ना, कोणी पांगळा, कोणी तो खाटेवरून आणलेला, की मला तिथंच थांबावंसं वाटतं. पुढं जाववत नाही. आता ते देवाचं बोलणं आहे की माझंच, ते मला माहीत नाही." ती थांबली. "तीन वर्षं शिकून आले आणि त्यांना तेव्हाही पाहिजे असेल, तर तेव्हा विचारा. आत्ता नाही."

"आत्ता नाही," मधुकरने पुन्हा म्हटलं, जणू त्याला भाषांतर करायचं होतं.

विलास उठून उभा राहिला. खोलीत दुसरीकडे जायला जागा नव्हती म्हणून खिडकीपाशी गेला. मघाशी लावलेली खिडकी त्याने उघडली, पुन्हा लावली.

"तुम्हाला कुणाला काही माहीत नाही," तो खिडकीकडे तोंड करून म्हणाला. "आमच्या खात्यातली अर्धी माणसं कमी केलीत. रोज कुणाचं ना कुणाचं कार्ड गेटवर थांबवतात. पुढच्या महिन्यात माझं थांबवलं तर? ही मिरजेला, मी घरी बसलेला. मग कोण मागणार हिला? थोरातांसारखी माणसं पुन्हा येतील? मला ती सुखरूप एका घरी गेलेली बघायची होती. एवढंच. त्यात काय पाप आहे?"

ही गोष्ट त्याने गोजरालाही सांगितली नव्हती. ती नवऱ्याच्या पाठीकडे बघत राहिली. स्मिताच्या नजरेतली धार बोथट झाली.

चांगुणाबाईंना मुलाच्या मानेवरचे पांढरे केस दिसले. हे कधी झाले, त्यांच्या लक्षात आलं नव्हतं. स्कूटर, लग्नाचं आमंत्रण, सगळ्याला बोट का लागायचं, ते आत्ता त्यांना कळलं. पोरगा भ्यालेला होता, आणि भ्यालेल्या माणसाला लगेच उत्तर पाहिजे असतं. जवळ जाऊन त्याच्या पाठीवरून हात फिरवावा असं त्यांना वाटलं. पण पाठीवरून हात फिरवायची त्यांची रीत नव्हती. त्यांची रीत तोंडाची होती.

"इकडं फिर," त्या म्हणाल्या.

विलास फिरला.

"खाली बैस. मी वर मान करून बोलणार न्हाई."

तो बसला, गोलात, आपल्याच जागी. गोजराने त्याला पाण्याचा तांब्या दिला. तो त्याने तसाच हातात धरला.

"भ्यालास, तर भ्यालो म्हणायचं. आईला म्हणायचं, बायकोला म्हणायचं. त्यात कमीपणा न्हाई, तुझा बाप बी भ्यायचा. पर आपल्या भीतीवर देवाची सही आणून पोरीफुडं ठेवायची न्हाई. तिनं कुणाकडं दाद मागायची मग? उद्या पाळकसाहेब आले की दारात तू जायचं, मी न्हाई. त्यांना आत घ्यायचं, मटण वाढायचं, आन् पोट भरल्यावर सरळ सांगायचं, पोरीला विचारलं, ती आत्ता न्हाई म्हणती, मिरजेला चालली. महिला मंडळातल्या बायका मला हसतील, ते माझं मी बघते. प्रसादला थांबायचं तर थांबंल, न्हाई थांबला तर तो आपला नव्हता. कारखान्याचं काय व्हायचं ते व्हईल, मधू हाये, मी अजून मेले न्हाई. आन् सोमवारपासून सात वाजता तू हितं बसायचं. ओव्हरटाइम असला तर तुझ्या पाळीचं वचन राहू दिऊ, आल्यावर वाचायचं. नावं येतील, नावं वाच. रोगाचे नियम येतील, ते वाच. देवाला इचारायचा तुला हक्क हाये, विलास, तो मी काढून घेत न्हाई. पर तो बोलत असताना मधनंच उठून जायचं न्हाई. त्याचं सगळं बोलून हू दे. मग ठेव तुझं बोट कुठं ठेवायचं ते."